सगळं ईश्वरावर सोपवायचं, तर साधनेत प्रयत्न कशाला करायचे?

तुमचे मार्गदर्शक म्हणतात, 'प्रयत्न म्हणजे अहंकार, तो सोडा, सगळं आपोआप घडेल', आणि तेव्हापासून तुमची रोजची जपाची बैठक विस्कटली आहे, असं तुम्ही लिहिलंय. सगळं ईश्वरेच्छेनंच होत असेल तर आपल्या इच्छेला जागा कुठे, हेही विचारलंय. त्यावर शेवटी येतो. पहिल्याबद्दल स्पष्ट सांगतो: नवख्या साधकाला प्रयत्न सोडायला सांगणं चूक आहे आणि त्यानं माणसं दुखावतात, अगदी शरीरानंसुद्धा.

धरमपेठेतल्या एका सकाळच्या वर्गात साठीचे एक काका यायला लागले. आधी ते दुसरीकडे जात आणि तिथे त्यांना हेच शिकवलेलं. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकण्याच्या आसनात, डोळे मिटून, पाठीची कमान करून पुढे नुसते लोंबकळायचे. 'मी तं सगळं सोडूनच देऊन राहिलो नं सर, मंग दुखते काहून?' दुखत होतं उजव्या बाजूला, ज्या हाडावर आपण बसतो त्याच्या लगेच खाली, एका बोटानं दाखवता येईल अशा जागी. मांडीच्या मधोमध ताण जाणवणं ठीक आहे. बसण्याच्या हाडापाशी टोचलं तर मांडीमागच्या स्नायूचा कंडरा हाडाला जिथे चिकटतो तिथे इजा होतेय असं समजावं. ताणून ते बरं होत नाही, चिघळतं. काकांनी स्नायू ढिले सोडले, पण धडाचं वजन खाली खेचतच होतं. स्नायूंनी तो भार उचलला नाही की तो कंडऱ्यावर आणि कमरेच्या मणक्यांमधल्या चकत्यांवर जातो. त्यात जानेवारीची नागपूरची सकाळ, अंग गारठलेलं, आणि सूर्यनमस्कार न घालता थेट पुढे वाकणं.

दुखणं थांबेपर्यंत पुढे वाकणं पूर्ण बंद ठेवलं. मग घोंगडीची चार बोटं जाड घडी बुडाखाली, म्हणजे कमरेचा खालचा भाग मागे न पडता पुढे कलतो. गुडघे किंचित वाकलेले, खाली टॉवेलची गुंडाळी. टाचा जमिनीत हलक्या दाबायच्या, मांडीचा पुढचा स्नायू थोडा आवळायचा. श्वास घेताना छाती उचलायची, सोडताना जांघेतून पुढे यायचं, पाठीतून नाही. हात नडगीपर्यंत पोचले तरी पुरे, पावलं धरून ओढायचं नाही. इथवर सगळा प्रयत्नच आहे. मग चार-पाच श्वास थांबून, जे लागत नाही ते एकेक सोडायचं: जबडा, जीभ, कपाळावरची आठी, खांदे, बोटांची पकड, शेवटी पोट. टाचांचा दाब आणि मांडीचं काम मात्र सोडायचं नाही. श्वास बाहेर जायला आत येण्यापेक्षा जास्त वेळ घेऊ लागला की नीट जमलं. अडखळला की दोन बोटं मागे यायचं.

पतंजलींनी योगसूत्रांत क्रम असाच ठेवलाय. दुसऱ्या पादातलं ४६वं सूत्र स्थिर आणि सुखकर आसन सांगतं, प्रयत्न शिथिल करणं ४७व्यात येतं. जो प्रयत्न केलाच नाही तो शिथिल काय करणार? सोडून देण्याचे समर्थक पहिल्या पादातलं २३वं सूत्र पुढे करतात, 'ईश्वरप्रणिधानाद्वा', म्हणजे 'किंवा ईश्वराला शरण जाऊन', आणि तिथेच थांबतात. पाच सूत्रं पुढे जा. २८व्यात त्याची कृती दिली आहे: प्रणवाचा, म्हणजे ॐकाराचा, जप आणि त्याच्या अर्थाचं चिंतन. म्हणजे ईश्वरावर सोपवायलासुद्धा रोज बसावं लागतं. आणि दुसऱ्या पादाच्या पहिल्याच सूत्रात तेच ईश्वरप्रणिधान तप आणि स्वाध्यायाच्या मांडीला मांडी लावून बसलंय.

आपल्या शहरात तर हे रोज कानावर पडतं. दीक्षाभूमीवर बुद्ध, धम्म आणि संघाला शरण जाण्याचं त्रिशरण म्हणतात आणि लगोलग पंचशील, ज्यात प्रत्येक शील मी स्वतः ग्रहण करतो असं म्हणायचं असतं. तिथे ईश्वर नाही, शरण जाणं आहे, आणि सम्यक व्यायाम, म्हणजे योग्य प्रयत्न, हे अष्टांगमार्गाचं एक अंगही आहे. ज्यांना प्रयत्नाचा इतका तिटकारा आहे त्यांनी हे दोन्ही शांतपणे ऐकावं.

तुमच्या बैठकीचं बघू. जप करताना मन पळतं, ते तुमच्या इच्छेनं पळत नाही. पळालंय हे लक्षात येणंही बहुतेक आपोआपच होतं. तुमच्या हातात असतो तो त्यानंतरचा क्षण: न चिडता परत पहिल्या मण्यावर यायचं की त्या विचारासोबत आणखी पुढे जायचं. प्रयत्न तेवढाच, पण तो दर वेळी करायचा. भुवयांमध्ये दुखायला लागलं, डोळे घट्ट मिटले गेले, तर जोर जास्त होतोय. नजर मिटल्या डोळ्यांआड खाली सोडा आणि जपाची गती कमी करा. मान पुढे पडतेय, माळ कुठवर आली ते कळत नाहीये, तर ढिलाई आहे, आणि याला लोक हमखास समाधी समजतात. डोळे अर्धे उघडा, पाठ भिंतीपासून सोडवा, मानसिक जप थांबवून ओठांनी पुटपुटत करा.

इच्छास्वातंत्र्याबद्दल गीतेचा अठरावा अध्याय बघा. १४व्या श्लोकात कोणत्याही कर्माची पाच कारणं आहेत; कर्ता त्यातलं एक आणि दैव पाचवं. ६१व्यात ईश्वर सगळ्यांना यंत्रावर बसवल्यासारखं फिरवतो, आणि दोनच श्लोकांनंतर श्रीकृष्ण म्हणतात, पूर्ण विचार कर आणि तुला हवं तसं कर. शरण ये हे त्याच्याही नंतर, ६६व्यात. आधी मुभा दिली, मग बोलावलं. अर्जुनानं शेवटी 'करिष्ये वचनं तव', म्हणजे तू सांगतोस तसं करीन, असं म्हटलं आणि धनुष्य उचललं, रथात पडून राहिला नाही. तुमच्या मार्गदर्शकांना विचारा की शरणागतीचा हा अर्थ त्यांना मान्य आहे का. तुम्हाला विचार करायची मुभाच मिळत नसेल, तर तिथे तुम्ही ईश्वरावर काही सोपवत नाही आहात, एका माणसावर सोपवताय.

एक राहिलं. काही साधक मुळातच हट्टी असतात: कुंभकाचे, म्हणजे श्वास रोखून धरण्याचे, सेकंद मोजणारे, शेजाऱ्याच्या पाठीशी आपली पाठ ताडून बघणारे. त्यांना 'सोड' म्हणणं योग्यच आहे, आणि तुमच्या मार्गदर्शकांनी तुम्हाला तसं बघून म्हटलं असेल तर माझं वरचं बोलणं तुम्हाला लागू नाही. आणि स्लिप डिस्क असेल तर पश्चिमोत्तानासन, रक्तदाब किंवा काचबिंदू असेल तर कुंभक, डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. चालू गोळ्या ईश्वरावर सोपवून बंद करू नका.