वाचकांचे प्रश्न: लहान टाकीत सिक्लिड

प्रश्न: ताई, माझी टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३५ उंच आहे. वर्षभर गप्पी आणि प्लॅटी छान सांभाळले. आता सिक्लिड कुळातले मासे ठेवावेत असं मनात आहे. दोन ऑस्कर, दोन एंजल आणि चार-पाच पिवळे मलावी असा बेत आहे. ऑस्करची बोटभर पिल्लं पाहिली, फार लाघवी वाटली. विक्रेता म्हणाला, काळजी करू नका, मासा टाकीच्या मापानंच वाढतो. हे खरं का?

उत्तर: खरं नाही. हे वाक्य मला पत्रांतून इतक्या वेळा भेटतं की आधी तेच निकालात काढते. मासा टाकीचं माप पाहून वाढ थांबवत नाही. कोंडलेल्या जागेत आणि साचत गेलेल्या घाणीत त्याची वाढ खुंटते, आणि खुंटलेला मासा म्हणजे आजारी मासा. बोटभर ऑस्कर वर्षभरात वीतभर होतो आणि पुढे ३० सेंटिमीटरपर्यंत जातो. तुमच्या टाकीची रुंदीच ३० आहे. त्याला वळायचं कसं?

एंजलचं दुखणं उंचीचं. वरच्या पराच्या टोकापासून खालच्या पराच्या टोकापर्यंत तो २० सेंटिमीटर सहज भरतो. ३५ मधून वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की उरतं काय? मलावी सरोवरातले पिवळे तुलनेनं शांत खरे, पण तेही दहा सेंटिमीटरच्या आसपास जातात, कळपानं ठेवावे लागतात आणि त्यांना कडक, अल्कधर्मी पाणी लागतं. ९० सेंटिमीटरपेक्षा लहान टाकीत मी ते कुणालाही सुचवत नाही. शिवाय ऑस्कर आणि एंजल दक्षिण अमेरिकेच्या नद्यांतले, हे आफ्रिकेच्या खडकाळ तळ्यातले. थोडक्यात, बेत पूर्ण रद्द करा.

आता काय जमेल ते बघू. तुमच्या टाकीचं गणित ६३ लिटर येतं. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा सोडून पाणी ५० लिटरच्या आसपास. पण सिक्लिडच्या बाबतीत लिटरपेक्षा तळ महत्त्वाचा. हे मासे जमीन अडवतात. वर कितीही पाणी असो, भांडण होतं ते खालच्या ६० गुणिले ३० च्या तुकड्यावरून. एवढ्या तळावर एकच कुटुंब नांदतं. चार जातींचे दोन-दोन नमुने आणले, तर महिन्याभरात एक जोडी राज्य करते आणि बाकीचे हीटरमागे लपतात.

कोणतं कुटुंब, हे तुमचं पाणी ठरवेल. पीएच, एकूण कडकपणा आणि कार्बोनेट कडकपणा या तिन्ही चाचण्या करा. नुसत्या टीडीएस मीटरवर जाऊ नका, तो पाण्यात किती विरघळलंय ते सांगतो, काय विरघळलंय ते नाही. पाणी तापवायच्या भांड्याला पांढरा थर धरत असेल तर पाणी कडक, एवढा अंदाज मात्र चाचणीशिवायही येतो. आणि पीएच उतरवायच्या बाटल्या आणू नका. कार्बोनेट जास्त असलं की आज उतरवलेला पीएच एक-दोन दिवसांत परत वर जातो, आणि माशाला सात किंवा आठपेक्षा या वर-खाली होण्याचाच त्रास जास्त.

पाणी कडक निघालं तर माझं मत स्पष्ट आहे: मल्टी घ्या. पूर्ण नाव निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस, राहणार आफ्रिकेतलं टांगानिका सरोवर. सिक्लिड कुळातल्या सगळ्यांत छोट्या जातींपैकी ही एक. नर साडेचार सेंटिमीटरच्या आसपास, मादी त्याहून लहान. सरोवराच्या तळाशी गोगलगायींच्या रिकाम्या शंखांचे थर साचलेत, त्यांत यांच्या वसाहती असतात. राहणं, लपणं, अंडी घालणं, सगळं शंखातच.

टाकीत बारीक वाळूचा पाच सेंटिमीटरचा थर द्या. वाळू बारीकच हवी, कारण ती तोंडात भरून उचलली जाणार आहे. वर दर माशामागे निदान दोन रिकामे शंख. सहा-आठ लहान मासे एकदम आणा. त्या वयात नर-मादी ओळखू येत नाहीत, त्यामुळे जोडी निवडून देतो म्हणणाऱ्याकडे दुर्लक्ष करा. पहिल्याच रात्री बांधकाम सुरू होतं. मासा शंखाच्या कडेला डोकं खाली करून उभा राहतो, वाळूचा घास घेतो, वीतभर लांब जाऊन थुंकतो आणि परत येतो. शंख हळूहळू खड्ड्यात बसतो, नुसतं तोंड वर राहतं. शेजारणीनं थुंकलेली वाळू आपल्या दारात आली की ही ती उचलून परत तिच्या दारात टाकते, आणि हे तासन् तास चालतं. मोठा नर मधूनमधून एकेका शंखावर डोकावत फिरतो, भाडं वसूल करायला निघालेल्या घरमालकासारखा. काच पुसायला हात घातला की माझ्याकडची एक मादी, जेमतेम तीन सेंटिमीटरची, बोटाला येऊन डसते. लागत काहीच नाही, पण मी हात काढते!

काही आठवड्यांनी एखाद्या शंखाच्या तोंडाशी पापणीच्या केसाएवढी पिल्लं दिसतील. त्यांना वेगळं काढू नका. या जातीत मोठी भावंडं हाकलली जात नाहीत, दोन-तीन वेतांची पिल्लं एकत्र वाढतात. फिल्टर स्पंजचा ठेवा म्हणजे पिल्लं आत ओढली जाणार नाहीत. तापमान २४ ते २७, पीएच आठच्या वर. मुळं धरणारी झाडं लावलीत तर उपटलेली सापडतील, दगडाला बांधलेला अनुबियास टिकतो. दुसरे मासे मात्र त्यात काही सोडू नका.

पाणी मऊ किंवा मध्यम असेल तर एपिस्टोग्रामा कॅकाटुऑइडिस, म्हणजे काकाकुवा सिक्लिड. नर आठ सेंटिमीटर, पाठीवरच्या परांचे पुढचे काटे तुऱ्यासारखे उभे. मादी पाच सेंटिमीटर, एरवी मळकट, पण अंड्यांवर बसली की पिवळीधमक. नर एकाहून जास्त माद्या राखतो, म्हणून पुस्तकी सल्ला एक नर आणि तीन माद्यांचा असतो. ६० सेंटिमीटरमध्ये तो पाळू नका. एक जोडी ठेवा, फार तर दोन माद्या, त्याही दोन टोकांना दोन गुहा आणि मध्ये लाकडाचा आडोसा करून, म्हणजे एकमेकींची तोंडं दिसणार नाहीत. तळाला देशी बदामाची वाळलेली पानं टाका. वरच्या थरात आठ-दहा लहान टेट्रा चालतील. वर मासे निर्धास्त फिरताना दिसले की एपिस्टोही बाहेर येतात.

प्रश्न: ७५ सेंटिमीटरच्या टाकीत क्रिबेन्सिस सिक्लिडची जोडी, तळाशी फिरणारे चार कोरीडोरस आणि दहा निऑन आहेत. चार महिने सगळं सुरळीत होतं. गेल्या आठवड्यापासून मादी वेड्यासारखी करते. पोट जांभळंलाल झालंय, कोरीडोरसना चावते, निऑन सगळे वरच्या एका कोपऱ्यात. तिला काही रोग झालाय का?

उत्तर: रोग नाही, बाळंतपण आहे. टाकीत लपायला मडकं ठेवलं असेल तर टॉर्च घेऊन त्यात खालून वर बघा. अंडी बहुतेक छताला चिकटलेली असतील. दोन-तीन दिवसांत ती फुटतात, त्यानंतर आणखी चार-पाच दिवसांनी पिल्लं पोहू लागतात आणि आई-बाप त्यांना थवा करून फिरवतात. आई अंग झटकते आणि अख्खा थवा क्षणात तळाला चिकटतो. हे बघायला मिळणार असेल तर निऑनची थोडी गैरसोय मी चालवून घेईन. त्यांना वर तरंगती झाडं द्या.

कोरीडोरसचं मात्र तसं नाही. त्यांना आजच दुसऱ्या टाकीत हलवा. त्यांना धमकी कळतच नाही. बाकीचे मासे एकदा हुसकावले की लांब राहतात. कोरीडोरस तळ हुंगत पुन्हा त्याच मडक्याशी येतो, रात्री पिल्लं खातो आणि दिवसा मार खातो. क्रिबेन्सिस डोळ्यांवर हल्ला करते, त्यामुळे डोळे गमावलेले कोरीडोरस बघायला मिळतात.

एक सावधगिरी. एका वेतात शंभरच्या घरात पिल्लं होऊ शकतात, आणि महिन्या-दीड महिन्यात जोडी पुन्हा तयार असते. पिल्लं घेणारं कुणी आहे का ते आधी विचारून ठेवा. नसेल तर मडकं काढून घ्या. हौस म्हणून वाढवणार असाल तर एक गंमत ध्यानात ठेवा: या जातीत पिल्लं नर होणार की मादी, यावर पाण्याचा परिणाम होतो. आम्लधर्मी पाण्यात नर जास्त निघण्याकडे कल असतो.

प्रश्न: टाकी मांडून तीन आठवडे झाले. इलेक्ट्रिक ब्लू रॅमच्या दोन जोड्या आणल्या, चारही आठवड्यात गेले. पाणी काचेसारखं स्वच्छ आहे. हीटर २५ वर आहे. चूक कुठे झाली?

उत्तर: तीन ठिकाणी. माशांच्या घाणीतून पाण्यात येणारे अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही रंगहीन असतात, तेव्हा काचेसारखं पाणी विषारी असू शकतं. ही दोन्ही पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे जातात, आणि दोन्ही चाचण्या शून्य येईपर्यंत मासा आणायचा नसतो. दुसरं, रॅम हा दक्षिण अमेरिकेतल्या ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला, उबेतला सिक्लिड. त्याला २७ ते ३० लागतं. तिसरं, इलेक्ट्रिक ब्लू ही रंगासाठी निवडून निवडून तयार केलेली जात. सुंदर आहे, पण नाजूक, माझ्या मते नवख्यानं तिच्या वाटेला जाऊ नये.

टाकी मोडू नका, फिल्टर चालू ठेवा आणि जिवाणूंना खाद्य म्हणून चिमूटभर माशांचं खाणं टाकत राहा. चाचण्या शून्यावर आल्या की बोलिव्हियन रॅम आणा. रंगानं सौम्य, पण अंगानं चिवट, २५ अंशांत सुखी. तो वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांवाटे चाळतो, म्हणून खडबडीत खडी नको. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, नवं पाणी त्याच तापमानाचं.

प्रश्न: फ्लॉवरहॉर्न एकटाच ठेवला तर ६० सेंटिमीटरची टाकी पुरेल का?

उत्तर: एकटा ठेवायचा हे बरोबर. टाकी १२० सेंटिमीटरची.

प्रश्न: मल्टीसाठी समुद्राचे शंख चालतील का? माझ्याकडे शोभेचे, चकचकीत पॉलिश केलेले आहेत.

उत्तर: पॉलिश केलेले किंवा रंगवलेले नकोत, त्यावर काय लावलंय ते कळत नाही. साधे समुद्री शंख कडक पाण्याच्या टाकीत चालतात. ते चुनखडीचेच असल्यानं मऊ पाण्याच्या टाकीत मात्र कडकपणा वाढवतील. तोंड दोन-अडीच सेंटिमीटरचं हवं. आतला वळसा फार अरुंद किंवा काटेरी नको, मासा आत अडकतो. उकळून घ्या, मग वास घेऊन बघा. कुजका वास येत असेल तर आत मांस राहिलंय, तो शंख बाजूला ठेवा. बाकीचे वाळूवर नुसते पसरून द्या. नीट मांडण्यात वेळ घालवू नका, सकाळपर्यंत ते हललेले असतील.