चार्जिंगचं झाकण लागतच नाही, काय करू?

प्रश्न (गुहागरहून) : दादा, इलेक्ट्रिक गाडी घेऊन दीड वर्ष झालं, घर समुद्रापासून जेमतेम दोनशे मीटरवर आणि गाडी माडांखाली उघड्यावरच असते. गणपतीनंतर चार्जिंगचं झाकण लागेना, दाबलं की लागल्यासारखं वाटतं, हात काढला की परत वर. डॅशबोर्डवर चार्ज पोर्ट उघडा आहे असा मेसेज येतो आणि गाडी ड्राइव्हलाच जात नाही. झाकण दाबून चिकटपट्टी लावली की मेसेज जातो आणि गाडी चालते. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात अख्खी असेंब्ली बदलावी लागेल, पार्ट यायला तीन आठवडे. घरी काही करता येईल का?

उत्तर : करता येईल, आणि अर्धं उत्तर तुम्हीच लिहिलंय. पट्टी लावल्यावर मेसेज जातो म्हणजे झाकण बंद आहे की उघडं हे गाडीला सांगणारा छोटा स्विच चांगला आहे, वायरिंगही चांगलं आहे, फक्त झाकण धरून ठेवणारा खटका धरत नाहीये. दाबूनही मेसेज गेला नसता तर मीच तुम्हाला सर्व्हिस सेंटरला जा म्हटलं असतं.

हा खटका म्हणजे बॉलपेनचं बटण समजा, एकदा दाबलं की आत अडकतं, परत दाबलं की सुटतं. किचन ट्रॉलीच्या दारांना पण हाच असतो. आत पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची बारीक खाच असते आणि तिच्यातून एक छोटी पिन फिरते, त्या खाचेत कण जरी अडकला तरी पिन आपल्या जागी बसत नाही आणि झाकण उसळून परत येतं. आता आपल्याकडे हवेत खारं, रस्त्यावर जांभ्याची लाल धूळ, वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, मग त्या खाचेत काय साठत असेल विचार करा. मे महिन्यात माझ्याकडे एक गाडी आली होती, त्यांनाही असेंब्ली बदला असंच सांगितलेलं, टॉर्च मारून बघितलं तर खटक्याच्या भोकात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं. काडीने हळूच फोडून काढलं, भुगा ब्रशने झटकला, पाच मिनिटांत झाकण टक्क करून बसलं. त्या काकांचा चेहरा मला अजून आठवतो. म्हणून सांगतो, आधी टॉर्च मारून बघा, पार्टची ऑर्डर नंतर.

करायचं कसं, तर गाडी बंद, चार्जिंगची गन (गाडीत खोचायचा प्लग) काढलेली, गाडी अनलॉक (बऱ्याच गाड्यांत झाकण सेंट्रल लॉकिंगवर चालतं, गाडी लॉक असेल तर ते उघडतच नाही आणि लोक उगाच स्क्रूड्रायव्हर घालून कडा तोडतात). टूथब्रशने सुकी धूळ काढा, मग कापूस गुंडाळलेली काडी साध्या गोड्या पाण्यात भिजवून, चांगली पिळून खटक्याच्या भोवती आणि बिजागरीवर फिरवा. पाणीच का, कारण मीठ पाण्यात विरघळतं, तेलात नाही, नुसतं तेल मारलं तर मीठ तसंच आत राहतं. मग पूर्ण सुकू द्या, सावलीत तासभर तरी. त्यानंतर सिलिकॉन स्प्रे, तोही थेट नाही, काडीवर घेऊन खटक्याला लावायचा आणि बोटाने खटका वीस-पंचवीस वेळा दाबायचा. खोबरेल कृपा करून नको, इंजिन ऑईलही नको, त्यावर लाल धूळ बसली की लगदा होतो आणि महिन्याभरात पहिल्यापेक्षा वाईट अवस्था. आणि जिथे गन बसते त्या पिनांना काहीच लावायचं नाही, तिथे काडी, ब्रश, स्प्रे काहीही घालू नका.

एवढं करून झाकण बसलं नाही तर झाकण टेकतं ते आतले छोटे रबरी ठोकळे बघा, एखादा फुगला किंवा सरकला असेल तर तो झाकणाला बाहेर ढकलत राहते. खटक्याचा प्लास्टिकचा दातच तुटलेला दिसला तर मात्र बदलायलाच हवा, पण तेव्हा नुसता खटका वेगळा मिळतो का हे विचारा, आणि दीड वर्षाचीच गाडी आहे तर वॉरंटीत का बसत नाही हे लेखी मागा, तोंडी नको. पॅनल उघडून नारिंगी वायर दिसली की तिथेच थांबायचं, तिच्यात बॅटरीचे तीनशे-चारशे व्होल्ट असतात, ते काम आपलं नाही.

पट्टी लावायचीच असेल तर खालची कड मोकळी ठेवा. बहुतेक गाड्यांना पाणी निघून जायला तिथे बारीक भोक असतं, ते बुजलं की पाणी आतच साठतं. प्लास्टिकची पिशवी बांधणारे पण बघितलेत, तिने दमट खारी हवा आत कोंडते आणि पिना हिरव्या पडायला लागतात.

प्रश्न (मालवणहून) : आमच्या होमस्टेवर आलेल्या पाहुण्यांच्या गाडीची गन चार्जिंग झाल्यावर निघेचना, दोघांनी ओढून पण नाही. असं का होतं?

उत्तर : ताई, पुढच्या वेळी ओढू नका. चार्जिंगच्या वेळी गाडीतली एक छोटी पिन गनला आतून धरून ठेवते, ती अडकली की गन निघत नाही, आणि जोर लावला तर तीच पिन वाकते. आधी स्क्रीनवरून किंवा ॲपवरून चार्जिंग थांबवा, भिंतीवरचं १५ अँपिअरचं बटण बंद करा, मग गन थोडी आत ढकलून धरा आणि त्याच वेळी चावीचं अनलॉकचं बटण दाबा. आत ढकलल्याने पिनेवरचा ताण जातो आणि बऱ्याचदा तेवढ्यानेच सुटते. नाहीच सुटली तर बऱ्याच गाड्यांत बॉनेटखाली किंवा डिकीच्या बाजूला ओढायची एक दोरी दिलेली असते, नेमकी कुठे ते मॅन्युअलमध्ये असतं, पाहुण्यांना गाडी लावतानाच विचारून ठेवा म्हणजे रात्री अकराला शोधाशोध नको.