निवृत्तीनंतर स्वतःवर खर्च करताना हात का आखडतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: खासगी नोकरीतून निवृत्त होऊन वर्ष झाले, वय 61, पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून पुंजी पुरेशी आहे, डोक्यावर कर्ज नाही, मुलगी आपल्या पायावर उभी आहे, तरीही स्वतःसाठी काही घ्यायचे म्हटले की हात आखडतो, आणि पत्नीचीही तीच गत आहे. आम्ही उभयता याच स्थितीतून गेलो असल्यामुळे आमच्या उपयोगी पडले ते सांगतो.

‘वर जाताना काही सोबत न्यायचे नाही’ हे वाक्य तुम्हाला अनेकांनी ऐकवले असेल. ते खरे असले तरी त्याने हात मोकळा होत नाही. ज्याने सारा जन्म पगारात घर चालवले आणि शिल्लक टाकलेल्या मुद्दलाला शक्यतो हात लावला नाही, त्याच्या मनात पगार आणि पुंजी यांचे कप्पे पक्के झालेले असतात. 2017 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर यांनी या प्रवृत्तीला ‘मेंटल अकाउंटिंग’ असे नाव दिले आहे. माझ्या मते या कप्प्यांशी भांडण्यात अर्थ नाही. उलट पुंजीचा एक भाग असा गुंतवावा की त्यातून पगारासारखी रक्कम आपोआप खात्यात येत राहील. आलेली रक्कम खर्च करायला मन फारशी कुरकुर करत नाही.

आमच्या बाबतीत हे काम पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेने केले. 2023 च्या एप्रिलपासून तिची कमाल मर्यादा 15 लाखांवरून 30 लाखांवर गेली. खाते पाच वर्षांचे असते, उघडताना जो दर असेल तोच त्या मुदतीत कायम राहतो, आणि व्याज दर तिमाहीला मिळते. दर 8.2 टक्के धरला, तर 30 लाखांवर तिमाहीला 61,500 रुपये, म्हणजे महिन्याला 20,500 रुपये पडतात. या योजनेतली आणखी एक गोष्ट आमच्यासारख्यांच्या फार सोयीची आहे: व्याजावर व्याज मिळत नाही. त्यामुळे व्याज न उचलता तसेच ठेवले तर पैसे वाढतील, या विचाराला जागाच उरत नाही. एप्रिलच्या पहिल्या तारखेनंतर पासबुक भरून घेतले की व्याजाची ओळ वेगळी दिसते आणि त्याखाली मुद्दल जसेच्या तसे असते. त्या दोन ओळी पाहून मला जितका धीर आला, तितका कोणाच्या समजावण्याने आला नव्हता.

अर्थात व्याज सगळेच उडवावे असे मी म्हणत नाही. महागाई दरसाल सहा टक्के धरली, तर बारा वर्षांत रुपयाची किंमत जवळपास निम्मी होते, तेव्हा व्याजातला काही हिस्सा पुन्हा गुंतवावाच लागतो. मात्र याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावा: न खर्चलेले मुद्दलसुद्धा अबाधित राहत नाही, ते आकड्याने तेवढेच दिसते इतकेच.

हात आखडण्यामागे काही भीती खरीही असते, आणि तिचा बंदोबस्त झाल्याशिवाय मन स्वस्थ होत नाही. आम्ही आजारपणासाठी वेगळी ठेव ठेवली, आरोग्य विम्याचा हप्ता कधी चुकू दिला नाही, आणि ठेवी एकाच बँकेत न ठेवता विभागल्या, कारण एका बँकेतील एका ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज मिळून, विम्याचे संरक्षण 5 लाखांपर्यंतच असते. वर्षभराचा घरखर्च बचत खात्यात हाताशी ठेवला. हे सगळे एका कागदावर मांडल्यावर जे उरले, त्यातून खर्च करताना ‘पुढे कमी पडले तर?’ हा प्रश्न पूर्वीइतका टोचत नाही.

तरीही पहिला मोठा खर्च जड जातोच. आम्ही नागपूरचे, दर एप्रिलमध्ये कुलर काढायचा, त्याच्या ताट्या बदलायच्या, टाकीत पाणी भरत राहायचे आणि मे महिन्यात घामाघूम होऊन रात्र काढायची, हे वर्षानुवर्षे चालले होते. एसी घेण्याचे पैसे होते, पण खरी अडचण त्याच्या किमतीची नसून दरमहा येणाऱ्या विजेच्या बिलाची होती, कारण किंमत एकदाच द्यायची असते आणि बिल मात्र दरमहा आठवण करून देते. म्हणून एसीबरोबरच उन्हाळ्याच्या चार महिन्यांच्या वाढीव बिलाचा अंदाज घेऊन तेवढी रक्कम फेब्रुवारीतच वेगळी काढली, आणि ती संपेपर्यंत मीटरकडे पाहायचे नाही असे ठरवले. निर्णय एकदाच झाला. रोज रात्री रिमोट हातात घेऊन तो पुन्हा करावा लागला नाही. (कुलर अजून गच्चीवर आहे. तो विकायला मी तयार नाही, आणि एवढी सूट स्वतःला द्यायला हरकत नसावी.)

मुलीसाठी ठेवायचे म्हणून तुम्ही थांबत असाल, तर एकदा तिलाच स्पष्ट विचारा. राहते घर बहुधा तिला मिळणारच आहे, आणि कमावत्या मुलांना आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन ठेवलेल्या ठेवींची ओढ आपण समजतो तेवढी नसते.

पत्नीच्या संकोचाला मात्र वेगळा उपाय लागतो. नवऱ्याच्या खात्यातून खर्च करताना ‘विचारावे लागेल’ ही भावना कितीही नाही म्हटले तरी राहते. व्याज जमा झाले की त्यातली ठरलेली रक्कम त्यांच्या एकट्याच्या खात्यात वळवावी आणि तिचा हिशेब मागू नये, गमतीतसुद्धा नाही. आमच्याकडे सुरुवातीचे काही महिने ते पैसे नुसते साठत राहिले, आणि मग एक दिवस तिने मला न विचारता सकाळ-संध्याकाळच्या पोळ्यांना बाई लावली, जी गोष्ट मी कित्येक वर्षे सुचवत होतो आणि जिला ती दर वेळी ‘उगाच खर्च’ म्हणत होती.