शेवटचं पाणी

"मावशी, मी मूळची सांगलीची. पुण्यात जपानी शिकले, गाड्यांच्या एका कंपनीत दुभाषी होते, तिथंच नवरा भेटला. ओसाकात सहा वर्षं आमचं छान चाललं होतं. सासरे गेले आणि तो म्हणाला, आई एकटी आहे, गावी जाऊ. गाव म्हणजे शोदोशिमा बेट, ताकामात्सुहून बोटीनं तासभर. ऑलिव्हची झाडं, सोया सॉसची लाकडी पिंपं, चहूकडे समुद्र. सुट्टीला जायला स्वर्ग. दोन वर्षं झाली, मी घुसमटलेय.

सासूबाई त्र्याहत्तरच्या. बोलतात कमी. मी घासलेली भांडी पुन्हा विसळतात. मी वेगळा केलेला कचरा पुन्हा उपसून बघतात, कारण पिशवीवर घराचं नाव लिहिलेलं असतं. गल्लीत नोटिसांची पाटी घरोघर फिरते, तिला कायरानबान म्हणतात. ती आमच्याकडे आली की माझ्या हातातून घेऊन स्वतः शेजारी देऊन येतात. मी फोडणी केली की ऐन जानेवारीत खिडक्या सताड. शेजारीण हाक न मारताच दारात मुळे ठेवून जाते, आणि मी कुठं गेले होते ते सासूबाईंना माझ्याआधी कळलेलं असतं. पहाटे चारला त्यांचं दार सरकतं, कारण हिवाळ्यात त्या सोमेनच्या, म्हणजे शेवयांच्या कामाला जातात. रात्री नवरा आल्या आल्या अंघोळ करतो, मग मी आणि आमचा पाच वर्षांचा मुलगा. त्या अकराला जातात आणि वर टब घासत बसतात. माझी खोली न्हाणीघराला लागून, रोज झोपमोड. नवरा शांत आहे, कोणाचीच बाजू घेत नाही. चार गल्ल्या सोडून एक रिकामं घर स्वस्तात मिळतंय. वेगळं राहायचा विषय त्याच्याकडे कसा काढू?
— बेटावरची सून"

अगं बेटावरच्या सुने,

तुझं पत्र चार पानांचं होतं, कापून एवढं केलंय. भांड्यांवर अर्धं पान, कचऱ्यावर पाऊण, फोडणीवर तर तू लेखच लिहिलायस. अंघोळीवर तीन वाक्यं, तीही तुझ्या झोपेच्या काळजीनं. मी तिथंच अडकले. नागोयाला अकरा वर्षं काढून आलेली माझी धाकटी बहीण आहे, तिला फोन लावून विचारलं, की सून घरात असताना सासू शेवटी अंघोळ करते का गं? ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "ताई, उलटं असतं."

वाचकांसाठी थोडं सांगते, तुला हे पाठ आहे. जपानी घरात टबात एकदाच पाणी भरतात आणि त्यात सगळं घर आळीपाळीनं बसतं. नाक मुरडू नका. अंग आधी बाहेर स्टुलावर बसून साबणानं घासून, धुऊन घ्यायचं, मगच टबात उतरायचं. टब फक्त शेकायला. पण पाणी एकच, त्यामुळे नंबर आले. पहिला मान घरच्या कर्त्याचा, मग बाकीचे पुरुष, मग मुलं, आणि सगळ्यांत शेवटी सून. जुन्या घरांतून खाली जाळ घालून तापवायची लोखंडी कढई असायची, गोएमोनबुरो. लाकडाचा पाट पायानं खाली दाबत तिच्यात उतरायचं, नाहीतर तळवे भाजलेच. आत सासरा शेकतोय आणि बाहेर सून फुंकणी घेऊन चुलीशी, असा देखावा. तिची पाळी येईपर्यंत लाकडं विझलेली आणि पाणी कोमट.

आपल्याकडे शेवटची पंगत असते, त्यांच्याकडे शेवटची अंघोळ. आमच्या वाईच्या घरात काकू सगळ्यांची पानं उचलून झाल्यावर जेवायला बसायची. पातेल्याच्या तळाची भाताची खरवड उलथन्यानं काढून घ्यायची आणि कोणी काही म्हणालंच तर, "मला खरवडच आवडते." आम्ही पोरांनी ते खरं धरलं. पुढे ती आमच्याकडे चार दिवस राहायला आली, तेव्हा मी मुद्दाम तिच्यासाठी खरवड काढून ठेवली. तिनं ताटलीकडे बघितलं आणि म्हणाली, "मेले, मऊ भात संपला का?"

तर तुझ्या सासूबाई. त्या त्या घरात सून म्हणून आल्या तेव्हा शेवटचं पाणी त्यांच्या वाट्याला आलं असणार. चाळीस-पंचेचाळीस वर्षं धर. त्यांची सासू गेली, नवरा गेला. मग तू आलीस. त्यांच्या रीतीप्रमाणे त्या दिवशी त्यांची बढती व्हायची. शेवटचं पाणी आणि टबाची घासणी तुझ्या हातात देऊन त्यांनी मोकळं व्हायचं, आणि गल्लीत एकही बाई त्यांना काही बोलली नसती. त्यांनी ते केलं नाही. दोन वर्षं तू दुसऱ्या नंबरला गरम पाण्यात बसतेयस आणि तो नंबर तुला कोणी दिला हा प्रश्न तुला पडलेला नाही. तुला फक्त ब्रशचा आवाज ऐकू येतो.

त्या प्रेमळ आहेत असं मी म्हणत नाही हं. घासलेली भांडी पुन्हा विसळणाऱ्या बाईबरोबर माझं दोन दिवससुद्धा निभणार नाही. पाटी त्या नेऊन देतात तर देऊ देत, थंडीत तुझी एक फेरी वाचते. खिडक्या उघडतात तर अंगात स्वेटर घालून फोडणी कर, हिंगाचा वास कुणालाही पहिल्या दिवशी आवडत नाही. मुळे मात्र परतफेड मागतात. शेजारणीला एकदा चार लाडू नेऊन दे, मग ती तुलाच बातम्या सांगायला लागेल. झाली ही सगळी प्रकरणं.

अंघोळ मात्र एवढ्यावर सोडता येत नाही, कारण त्यात जीव जाऊ शकतो.

बेरीज कर. अकराला अंघोळ, टब घासून आडवं व्हायला पावणेबारा, पहाटे चारला दार. सव्वाचार तास झोप. त्यावर दिवसभर गारठ्यात उभं राहून दोन लांब काठ्यांनी ओल्या शेवयांच्या झालरी सोडवायच्या, एकमेकींना चिकटू नयेत म्हणून. त्र्याहत्तराव्या वर्षी. तुझी झोप मोडते हे कळलं. त्यांची मोडायला मुळात आहे का?

आणि या अवस्थेत, घर झोपलेलं असताना, ही बाई गार खोलीत कपडे काढून गरम पाण्यात उतरते. जुन्या जपानी घरांत गरम असते ती बसायची खोली, न्हाणीघराबाहेरची कपडे बदलायची जागा म्हणजे बर्फ. गारठ्यानं रक्तदाब चढतो, गरम पाण्यात तो झपकन उतरतो, भोवळ येते आणि माणूस पाण्याखाली जातो. आवाजही होत नाही. पासष्टीच्या पुढची जेवढी माणसं तिथं रस्त्यावरच्या अपघातांत जातात, त्याहून जास्त टबात बुडून जातात, आणि त्यातली बहुतेक हिवाळ्यात. जपान सरकारचं ग्राहक खातं बजावून सांगतं की पाणी ४१ अंशांच्या वर नको, टबात दहा मिनिटांहून जास्त बसू नका, कपडे बदलायची जागा आधी उबदार करा, आणि आत जाण्यापूर्वी घरात कोणाला तरी सांगून जा. रात्री अकराला त्यांनी कोणाला सांगायचं? तू कानावर उशी दाबून पडलेली, आणि तो?

त्याच्याकडे येतेच. 'नवरा शांत आहे, कोणाचीच बाजू घेत नाही.' पहिल्या पाण्यात बसून बाजू न घेणं फार सोपं असतं गं. कामावरून आला, यंत्र बायकी आवाजात गोड बोललं 'ओफुरो गा वाकिमाशिता', पाणी तापलंय, की हा आत. स्वच्छ, वाफाळतं, कोणी न शिवलेलं पाणी. वडील गेल्यावर त्यांचा नंबर त्याला आपोआप मिळाला आणि त्यानं तो घेतला. आई एकटी आहे म्हणून ओसाका सोडलं म्हणे. ती आई रोज रात्री अकराला त्याच्याच अंगाचं पाणी सोडून टब घासते आणि हा शांत. दोन बायका एकमेकींची भांडी मोजत बसल्यात तोवर याच्या शांतपणाला धोका नाही. तुझ्या चार पानांत त्याच्या वाट्याला साडेतीन ओळी आल्या आणि त्यांत एकही तक्रार नाही. मला याचाच राग आलाय.

तेव्हा घराचा विषय तूर्त काढू नकोस. ते घर कुठं पळून जात नाही. २०२३च्या मोजणीत जपानभर ९० लाख घरं रिकामी निघाली, एकूण घरांच्या १३.८ टक्के, आणि बेटांवर तर गिऱ्हाईक शोधावं लागतं. एप्रिलमध्येही ते तिथंच असेल. तू आज एकच गोष्ट करायची. नंबर बदलायचे.

पहिली तू जा. हसू नकोस, यात कारण आहे. सासूबाईंना पहिलं पाणी देऊ केलंस तर त्या म्हणतील, नवं पाणी म्हाताऱ्या माणसाला विष. ही त्यांच्याकडची म्हणच आहे आणि खरवडीसारखी पोकळही नाही. पहिल्याला न्हाणीघर गार आणि पाणी चटकदार मिळतं. दुसऱ्याला भिंतीसुद्धा वाफेनं उबलेल्या मिळतात. म्हणून तू साडेसहाला जा, भरपूर वाफ कर, बाहेर कपडे बदलायच्या जागेत छोटा हीटर लाव, आणि केस पुसत स्वयंपाकघरात येऊन रीतसर म्हण, 'ओकाआसान, ओसाकी देशिता'. आई, तुमच्या आधी आटपलं.

त्या 'नंतर, नंतर' म्हणतील. म्हणू देत, वाद घालू नकोस. तुझा मुलगा आतापर्यंत तुझ्याबरोबर जायचा ना, त्याला आजपासून आजीबरोबर पाठव. बनियनवर, हातात रबरी बदक घेऊन त्याला त्यांच्या समोर उभा कर. 'बाआचान, चल.' सुनेला नाही म्हणता येतं, उघड्या पायांनी गार फरशीवर नाचणाऱ्या नातवाला नाही म्हणता येत नाही. तुमच्याकडे पोरांना टबातून उठण्यापूर्वी आकडे मोजायला लावतात. शंभरपर्यंत मोजू दे. पाच वर्षांचं पोर सदुसष्टवर अडखळून पुन्हा साठावर आलं तरी दहा मिनिटांच्या आतच होतं, म्हणजे सरकारी नियमही पाळला गेला. तू दाराबाहेर टॉवेल घेऊन बसायचंस, दार किलकिलं. ऐकत राहायचं. आतून आकडे येतायत तोवर सगळं ठीक.

आणि शेवटी नवरा. शेवटच्या माणसानं टब घासायचा हा तुमच्या घरचाच नियम आहे, तो आपल्याला बदलायचा नाही. त्याला आज बोटीवरून किंवा कामावरून येण्याआधीच फोन करून सांग, 'आजपासून तू शेवटी.' कारण विचारलं तर वरचा भोवळीचा परिच्छेद वाचून दाखव. तुझं जपानी उत्तम आहे, नम्र क्रियापदांवर तू पुण्यात परीक्षा दिल्या असशील. या एका वाक्यात ती वापरू नकोस. तो म्हणेल आईला आवडणार नाही. तिला नाहीच आवडणार पहिले आठ दिवस. रात्री अकराला ती सवयीनं उठून न्हाणीघरापाशी जाईल आणि आत मुलगा पाठमोरा ओणवा होऊन टब घासताना दिसेल. ती ब्रश हिसकावून घ्यायला धावेल. त्या वेळी तू खोलीतून बाहेर ये आणि त्यांचा हात धरून त्यांना झोपायला ने. दोन वर्षांत तू त्यांचा हात धरला आहेस का कधी?

महिनाभरानं मला कळव. झोप लागायला लागली असेल आणि तरीही ते रिकामं घर हवंसं वाटत असेल तर खुशाल घ्या. विषय कसा काढायचा ते मी तेव्हा सांगीन, पण तो त्यांच्यासमोर, तिघांनी बसून काढायचा.

आणि हो, टबाचा ब्रश कुठं ठेवलेला असतो हे त्याला माहीत नसणार. विचारत येईल. सांगू नकोस, शोधू दे.