आयव्हीएफसाठी (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारासाठी) चोपड्याहून जळगावला रोज जावं लागतं का?

रोज नाही. सुरुवातीला साधारण १०-१२ दिवस बीजवाढीची इंजेक्शनं असतात. ती पोटाच्या कातडीखाली घ्यायची. शिकवलं की स्वतः घेता येतात, नाहीतर गावातली नर्स देते. जळगावची फेरी पडते ती सोनोग्राफीसाठी, दर दोन-तीन दिवसांनी. बरीच इंजेक्शनं फ्रिजमध्ये ठेवावी लागतात, आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. एसटीतून नेताना थर्मासमध्ये आइसपॅक टाका, पण इंजेक्शन फडक्यात गुंडाळून. गोठलं की वाया गेलं.

एक वेळ मात्र अजिबात चुकवू नका, ट्रिगर इंजेक्शनची, म्हणजे बीजं पक्व करणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनची. त्यानंतर ३४-३६ तासांनी भूल देऊन स्त्रीबीजं काढतात. म्हणून रात्री साडेदहा सांगितलं तर साडेदहाच, हळदीच्या कार्यक्रमातून उठावं लागलं तरी.

पुढचं काम लॅबचं, तिथे स्त्रीबीज आणि शुक्राणू एकत्र करून भ्रूण तयार करतात. तीन किंवा पाच दिवसांचा भ्रूण गर्भाशयात सोडतात (काही वेळा गोठवून नंतर), मग दोनेक आठवड्यांनी गर्भ राहिला का ते बघायला रक्ततपासणी. सासूबाई म्हणतील, खाटेवरून उतरू नको. पण झोपून राहिल्याने यश वाढत नाही.

यश सर्वात जास्त बाईच्या वयावर ठरतं, पस्तिशीनंतर ते घटत जातं. आणि तुमच्या मिस्टरांची वीर्यतपासणी झाली का? प्रश्नात उल्लेख नाही. स्वस्तातली तपासणी ही, अन् खान्देशात टाळतात तीही हीच. सेंटर २०२१च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याखाली नोंदलेलं आहे का, तेही पैसे भरण्याआधी विचारा.