कार्बोरेटरच्या बाइकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) आहे की लीन (हवा जास्त), हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

इंजिन पूर्ण तापल्यावर चोक किंचित ओढा. गाडी सुधारली तर लीन, गुदमरली तर रिच. नुसत्या प्लगच्या रंगावर जाऊ नका. ट्रॅफिकमध्ये रांगलेल्या गाडीचा प्लग काळाच निघतो.

लीनमध्ये थ्रॉटल सोडूनही आरपीएम पटकन उतरत नाही. जेट (पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा भाग) बदलण्याआधी गाडी थंड असताना चालू करून कार्बोरेटर इंजिनला जोडणाऱ्या इनटेकच्या रबरावर कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारा, सायलेन्सर सांभाळून. आयडलिंग बदललं तर हवा तिथूनच शिरतेय. नाही बदललं तर पायलट जेट (आयडलिंगला पेट्रोल देणारा) साफ करा, पण तार घालू नका, भोक मोठं होतं.

रिच असेल तर एअर फिल्टर, अडकलेला चोक, फ्लोटची सुई (कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी) बघा.

कार्बोरेटरवरचा मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेराच फिरवा: फिल्टरच्या बाजूचा बाहेर काढला की लीन, इंजिनच्या बाजूचा काढला की रिच. इथेच बहुतेक जण उलटं करतात.