वरून एकही सूर नको

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

संगीतोपचारावरच्या तुझ्या फिल्मचा आराखडा वाचला. सुरुवातीला सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावावरून ड्रोन, मागे बासरी, मग तीन डॉक्टरांच्या मुलाखती, मध्ये कुठल्या आजाराला कुठला राग याचा तक्ता, शेवटी स्लो मोशनमध्ये रुग्णाचं हसू आणि पुन्हा बासरी. आणि एवढं सगळं लिहून तुझा प्रश्न काय, तर पार्श्वसंगीत विकत घ्यावं की कुणाकडून वाजवून घ्यावं. दोन्ही नको. संगीतोपचारावरच्या फिल्मला पार्श्वसंगीत लावायचं नाही. एक सूरसुद्धा नाही. बाकी कशावरही माझ्याशी भांड, यावर नको.

कारण ऐक. खोलीत वाजलेल्या सुरांमुळे आणि ठेक्यामुळे समोरच्या माणसात काहीतरी हललं, असं तुझी फिल्म सांगणार आहे. बघणाऱ्याला ते स्वतःच्या कानांनी तपासता आलं पाहिजे. तू वरून बासरी सोडलीस की त्याचे डोळे बासरीने भरले की तुझ्या फिल्ममधल्या आजोबांच्या अडखळत्या शब्दाने, हे कुणालाच सांगता येणार नाही. दुसऱ्या कुठल्याही विषयावरच्या फिल्ममध्ये पार्श्वसंगीत ही आवडीनिवडीची बाब असेल. इथे तो पुराव्यात ढवळाढवळ करण्याचा प्रकार आहे. स्लो मोशनही त्याचसाठी नको. चित्र संथ केलं की त्याचा मूळ आवाज गेला.

रागांचा तक्ता आजच काढून टाक. असे तक्ते खूप फिरतात, पण एका आजाराला एक राग असं औषधासारखं उपचारात चालत नाही. थेरपिस्ट आधी माणूस तपासतो, त्याला कुठली गाणी ठाऊक आहेत ते विचारतो, एक छोटं उद्दिष्ट ठरवतो आणि दर सत्राला नोंद ठेवतो. तुझी फिल्म त्या नोंदवहीवर उभी राहू दे.

पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या आजोबांना घेऊन फिल्म करायची म्हणतेस, तर नीट समजून घे. अशी माणसं बोलू शकत नाहीत, पण पाठ असलेला अभंग पुष्कळदा अख्खा म्हणतात. तू तोच क्षण चमत्कार म्हणून दाखवायला निघाली आहेस. तो चमत्कारही नाही आणि उपचाराचं फळही नाही. पाठांतर पहिल्या दिवसापासून शाबूत असू शकतं. खरं काम त्यापुढे सुरू होतं. १९७३ साली अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी अमेरिकेत मांडलेली एक पद्धत आहे, समजतं बरंच पण बोलता येत नाही अशा रुग्णांसाठी. त्यात ‘पाणी दे’ इतकं छोटं वाक्य दोनच सुरांत बसवतात, जोराचं अक्षर वरच्या सुरावर. थेरपिस्ट आधी नुसतं गुणगुणतो आणि रुग्णाचा डावा हात धरून दर अक्षराला टेबलावर एक टिचकी देतो (उजवा बहुतेक वेळा लुळा असतो). मग दोघं मिळून म्हणतात. मग थेरपिस्ट अर्ध्यात थांबतो आणि रुग्ण एकटा पुढे जातो. मग रुग्ण वाक्य एकट्याने परत म्हणतो. शेवटी थेरपिस्ट विचारतो, ‘काय हवंय?’, आणि त्याला उत्तर यायला हवं. त्या प्रश्नानंतर दहा-पंधरा सेकंद काहीच होत नाही. हात टेबलावर वर उचललेला, ओठ ‘प’वर मिटलेले. ते दहा-पंधरा सेकंद म्हणजे तुझी फिल्म. एडिटिंगला बसल्यावर सगळ्यात आधी तेच कापायचा मोह होईल, आणि कापलं नाहीस तर तिथे काहीतरी वाजवायचा होईल. दोन्ही करायचं नाही.

पार्किन्सन्सच्या रुग्णाची चाल घेणार असशील तर तिथे मोजमाप सोपं आहे. आधी तो स्वतःच्या गतीने मिनिटाला किती पावलं टाकतो ते मोजतात, मेट्रोनोम (एकसारखा ठेका देणारं यंत्र) तेवढ्यावरच लावतात आणि जमलं की पाच ते दहा टक्के वाढवतात. कॅमेरा बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, चालण्याच्या रेषेला काटकोनात. पावलं आणि फरशी दोन्ही दिसली पाहिजेत. शूटिंगच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी तीच जागा, तेच अंतर, तोच कोन. एवढं पाळलं नाहीस तर तुलना करायला काही उरत नाही.

आता आवाज. तुझ्या यादीत कॅमेऱ्याला सात ओळी आणि माईकला एक आहे. उलट कर. रेकॉर्डर वेगळा घे, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. ऑटो गेन (आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करणारा) बंद. तो चालू राहिला तर रुग्ण थांबला की पंख्याची घरघर वर येते आणि पुढची ढोलकीची थाप फाटते. फोनमधलं नॉइज रिडक्शनही बंद, कारण सतत एकसारखा येणारा आवाज ते गोंगाट समजून दाबतं, आणि तंबोरा एकसारखाच वाजतो. ऐकताना तुला वाटेल रेकॉर्डिंग किती स्वच्छ आलंय. षड्ज मात्र गायब असेल. पातळी ठरवताना सगळ्यात जोराची थाप मारायला सांग आणि ती उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेव. माईक दोन, दोन्ही स्टँडवर, वेगवेगळ्या ट्रॅकवर: एक वाद्यापाशी, एक रुग्णाच्या तोंडापासून हातभर अंतरावर, जरा वर. कॉलरचा माईक नको. पदर आणि माळ घासते, आणि स्वमग्न मूल तो पहिल्या मिनिटाला ओढून काढतं. रिकाम्या खोलीचा एक मिनिट आवाज दर वेळी घे, तोच एडिटिंगमध्ये सांधे जोडतो. सुरुवातीला एक टाळी वाजव, चित्र आणि आवाज जुळवायला.

सोलापुरात पंखा हा मोठा प्रश्न आहे. एप्रिल-मेमध्ये म्हाताऱ्या माणसाच्या खोलीतला पंखा चाळीस मिनिटं बंद ठेवणं धोक्याचं आहे, आणि कुणी तसं सुचवलं तर शूटिंग रद्द कर. नंतर फिल्टर लावून घरघर काढू म्हणशील, तर डग्ग्याचा घुमारही त्याच खालच्या पट्ट्यात असतो, तोही जाईल. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळची वेळ. त्यातही जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेचे दिवस सोड, नंदीध्वजांची मिरवणूक आणि लाउडस्पीकर यांच्यापुढे तुझा माईक टिकणार नाही. शहराच्या पूर्व भागातल्या घरात सत्र असेल तर शेजारचे माग कधी बंद असतात ते आधी विचारून घे. मेट्रोनोमच्या जोडीला यंत्रमागाची खटखट आली की रुग्ण नेमका कुठल्या ठेक्यावर चालतोय हे बघणाऱ्याला कळणारच नाही.

कॅमेऱ्याचं थोडक्यात सांगतो. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०, कारण आपली वीज ५० सायकलची आहे. नाहीतर ट्यूबलाइट लुकलुकते. एकच कॅमेरा असेल तर थेरपिस्ट, रुग्ण आणि दोघांचे हात एका चौकटीत, आणि सत्र संपेपर्यंत बंद करायचा नाही. ५० एमबीपीएस (सेकंदाला ५० मेगाबिट) दराने तासाला साडेबावीस जीबी लागतात, ६४ चं कार्ड पावणेतीन तास पुरतं. दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय कार्ड पुसू नकोस. पहिली तीन सत्रं कॅमेरा न नेता नुसती बस. चौथ्याला बंद कॅमेरा स्टँडवर ठेव. मग चालू कर.

संमतीपत्राचा तुझा नमुना इंग्रजीत आहे, तो कुणासाठी? घरात तेलुगू बोलत असतील तर तेलुगूत, कन्नड असेल तर कन्नडमध्ये वाचून दाखव. वाचा गेलेल्या माणसाला पुष्कळदा समजतं. मुलाची सही घेऊन मोकळं होऊ नकोस, हो-नाहीची कार्डं ठेवून त्यालाच विचार. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २४ नुसार मानसिक आरोग्य केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यक्तीचं छायाचित्र वा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही, आणि इंटरनेटवर टाकणंही त्यातच आलं. लहान मुलाबाबत आईवडिलांची सही पुरेशी समजू नकोस. त्याने कॅमेऱ्याकडे पाठ केली की त्या दिवसाचं काम संपलं. दुसरी संमती फिल्म तयार झाल्यावर, त्यांना दाखवून. नको म्हणाले तर तो भाग काढायचा, गळ घालायची नाही.

गाण्याच्या हक्कांबद्दल तू बरोबर विचारलंस. ओव्या आणि पारंपरिक पाळणे मोकळे आहेत. तुकोबांचे शब्द मोकळे आहेत, पण त्यांना अलीकडच्या संगीतकाराने दिलेली चाल मोकळी नाही. तो हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. म्हणून थेरपिस्टला ‘हे सिनेमाचं गाणं नको, दुसरं घ्या’ असं मात्र कधी सांगू नकोस. आजीला तेच गाणं लागत असेल तर तेच वाजेल. परवानगी माग, नाही मिळाली तर तो तुकडा सोड. तुझ्या सोयीसाठी उपचार बदलायचा नाही, आणि फिल्मच्या सोयीसाठी आवाज बदलायचा नाही. माझ्या लेखी दोन्ही एकच.

मुलाखत एकच, थेरपिस्टची, सत्रानंतर त्याच खोलीत. संगीताची ताकद वगैरे विचारू नकोस. आजचं उद्दिष्ट काय होतं, ते कसं मोजलं, काही झालं नसतं तर काय केलं असतं, एवढंच विचार. काहीच न घडलेलं एक सत्र फिल्ममध्ये हवंच. आणि आजोबांची स्पीच थेरपी, फिजिओथेरपीही चालू आहे, पक्षाघातानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत थोडी सुधारणा आपोआपही होते, हे सरळ सांग. ते लपवून संगीताला श्रेय देणं म्हणजे पुन्हा वरून बासरी घालणंच. सबटायटलमध्ये तुटलेला शब्द तुटलेलाच लिही, ‘पा… पाणी’. तेलुगू भागाचं भाषांतर सोलापुरातलं तेलुगू घरी बोलणाऱ्याकडूनच करून घे.

पार्श्वसंगीत नसेल तर लोक बारा मिनिटं बसणार नाहीत, असं तुला सगळे सांगतील. मलाही सांगतात, हट्टी म्हणतात. असू दे. जो टेबलावरच्या त्या टिचक्या ऐकायला थांबत नाही, त्याला बासरीने थांबवून संगीतोपचाराबद्दल काय कळणार आहे?

दोन सत्रांचं रेकॉर्डिंग झालं की आवाजाच्या फाइल पाठव, न कापता, फिल्टर न लावता. चित्र आत्ता नको. सोबत कुठल्या मिनिटाला काय घडलं याची टिपणं हाताने लिहून पाठव, म्हणजे तू काय ऐकलंस आणि माईकने काय ऐकलं ते ताडून बघता येईल.

कळावे.